घरी ठेवून जायच्या वस्तू

दुसरी चिठ्ठी तिनं उलगडली आणि वाचायची थांबली. चिठ्ठीवर एकच शब्द होता : भिंग. पहिल्या चिठ्ठीवरही तोच होता. पण पहिली तिनं स्वतः लिहिलेली होती. त्याच दिवशी सकाळी, घरून निघण्याआधी, ओट्याच्या कडेला कागद ठेवून, डाव्या हातानं. चार घड्या घालून ती पर्समध्ये टाकली होती आणि खेळ सुरू झाल्यावर बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांबरोबर अलगद टोपीत सोडून दिली होती. ती एकच असेल असं तिनं धरून ठेवलं होतं. एका चिठ्ठीला चेष्टा म्हणता येतं, एका चिठ्ठीवर हसून पुढे जाता येतं. ही दुसरी मात्र तिची नव्हती, आणि टोपीत अजून चार पडलेल्या होत्या.

“वाचा ना बाई,” वकील म्हणाला, “का अक्षर लागत नाही?”

तिनं वाचलं. आवाज रोजचाच निघाला, किंचित गाणारा, पोरांना कोडं घालताना निघतो तसा. खोलीत पुन्हा हशा पिकला, पहिल्यापेक्षा मोठा, कारण पहिल्यांदा हसताना लोक एकमेकांकडे बघत होते आणि या वेळी बघायची गरज उरली नव्हती.

ऑफिसात तिला सगळे बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, कारण तिचं कामच तसलं होतं. दर तीन महिन्यांनी, एखादं काम हातावेगळं झालं की टीमला एका खोलीत बसवायचं आणि काय जमलं, काय फसलं, पुढच्या खेपेला काय बदलायचं, हे त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं. सरळ विचारलं की मोठी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात, म्हणून ती खेळ काढायची. या वेळचा खेळ सुट्टीचा होता. भिंतभर कागद चिकटवून त्यावर तिनं तीन चित्रं काढली होती : तोंड वासलेली प्रवासाची बॅग, काट्याकुट्यांची वाट, आणि कुलूप लावलेलं घर. बॅगेत काय घ्यायचं, म्हणजे काय चांगलं झालं. वाटेत काय टोचलं, म्हणजे कशाचा त्रास झाला. आणि घरी काय ठेवून जायचं, म्हणजे पुढच्या कामात काय नको. पहिल्या दोन प्रश्नांवर सगळे तोंडी बोलले होते. तिसऱ्यासाठी तिनं पिवळ्या कागदाचे तुकडे वाटले होते, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणून. सहा जणांसाठी सहा गवती टोप्या आणल्या होत्या आणि लहान मुलांचे रंगीत गॉगल. हिरव्या काचांच्या गॉगलमधून जोडगोळी तिच्याकडे बघत होती. हे दोघं प्रोग्रामर एकाच कॉलेजातून आलेले, एकाच खोलीत राहणारे, आणि कुणाला कधी वेगळं नाव द्यावं लागलं नाही असे. डिझायनर पोरगी टोपी उलटी घालून बसली होती. वकील म्हणजे टीममधला मुख्य प्रोग्रामर. कुठल्याही मुद्द्यावर दोन्ही बाजूंनी भांडू शकायचा, म्हणून वकील. आणि खिडकीपाशी, टोपी डोक्याला लहान पडल्यामुळे ती गुडघ्यावर ठेवून, भिंग.

भिंग बसले होते ते हसतच. वय छप्पन्न. बाकीच्यांनी लिहिलेला प्रोग्राम तपासायचा आणि त्यातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचं काम, आणि एकोणीस वर्षं ते करून करून माणूसच तसा झालेला. आधी त्यांना तोंडावर काका आणि पाठीमागे भिंग म्हणत. एकदा कुणाची तरी जीभ घसरली आणि ते रागावण्याऐवजी खूश झाले, तेव्हापासून तोंडावरही भिंग. पहिली चिठ्ठी वाचल्यावर खोली क्षणभर चपापली होती, तेव्हा तेच म्हणाले होते, “बरोबरच आहे की! सुट्टीत भिंग कशाला? वाळूचे कण मोजायला?” त्या एका वाक्यानं खोलीला मोकळीक मिळाली. तिलाही मिळाली. कोमट पाणी पाठीवरून ओघळावं तसं काहीतरी तिच्या अंगातून खाली उतरलं होतं, आणि ते सुख होतं, हे तिला तिथल्या तिथं कळलंही होतं.

ही सगळी कथा सोमवारी सुरू झाली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब तिच्याहून सात वर्षांनी लहान, आवाज मऊ, समोरच्याला आधी पाणी विचारणारा. पुढच्या तिमाहीत टीममध्ये एक माणूस कमी करायचा होता. वरून आलं होतं. “मला कुणाचं नाव घ्यायचं नाहीये,” तो म्हणाला. “तुमच्या त्या खेळात येईल ना आपोआप बाहेर? टीमचंच म्हणणं आहे म्हटलं, की कुणाला बोच राहत नाही.” मग त्यानं टेबलावरची पिन उचलून डबीत टाकली आणि म्हणाला, “नाहीतर मग मला वरच्यांना यादी करून द्यावी लागेल. आणि खरं सांगू का, तुमचं काम फार चांगलं आहे, पण ते दाखवता येत नाही हो. प्रोग्रामरचं दाखवता येतं.” ती “बघते” म्हणाली. आपल्या भाषेत बघते म्हणजे हो असतं आणि नाहीही असतं. साहेबांनी ते हो धरलं. तिनं मंगळवार, बुधवार, गुरुवार ते नाही धरलं, आणि शुक्रवारी सकाळी डाव्या हातात पेन घेतलं.

नाव शोधायला तिला कष्ट पडले नाहीत, हेही खरं. गेल्या तीन महिन्यांत भिंगांनी सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. दवाखान्यांसाठीचं काम होतं. नर्सच्या हातातल्या छोट्या पडद्यावर रोग्याचं औषध आणि त्याचं माप दिसायचं. भिंगांना आढळलं की एका जुन्या यंत्रावर, आणि तेही अक्षरं सगळ्यांत मोठी केली तरच, दशांशचिन्ह पडद्याच्या कडेखाली जातं. अडीचाचे पंचवीस दिसतात. वकिलानं दोन दिवस वाद घातला. “इतकी मोठी अक्षरं कोण करतं?” तो ओरडला होता. भिंग म्हणाले, “चष्मा घरी विसरलेली नर्स करते.” त्यांनी सही दिली नाही. काम तीन आठवडे अडलं, साहेबांनी वरच्यांना दिलेली तारीख हुकली, जोडगोळीची सुट्टी रद्द झाली, डिझायनरला सगळे पडदे पुन्हा आखावे लागले. चूक दुरुस्त झाली तर भिंगांनी आणखी एकोणीस बारक्या चुकांची यादी आणून ठेवली. माणूस बरोबर असला की त्याच्यावर जास्त राग येतो, कारण तो काढायला जागा नसते. त्या दिवसांत बाईलाही त्यांचा आवाज नकोसा झाला होता. चूक सांगताना तो चढायचा, शेवटचा शब्द वर फेकल्यासारखा, जणू चूक करणारा दूर कुठल्या तरी टेकडीवर उभा आहे.

तिसऱ्या चिठ्ठीवर ‘सकाळची मीटिंग’ होतं. ही जोडगोळीतल्या एकाची असणार. ती वाचताना तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचीच शरम वाटली, आणि शरमेला फार वेळ मिळाला नाही कारण चौथी हातात होती. ‘भिंग, यादीसकट.’ वकिलाचं तिरकं अक्षर. लपवायची तसदीही घेतली नव्हती. टाळी पडली. पाचवीवर डिझायनरच्या हिरव्या पेनानं लिहिलं होतं, ‘भिंगकाका, सॉरी’, आणि पुढे जीभ बाहेर काढलेला एक चेहरा. पोरगी टोपीत तोंड लपवून हसत होती. भिंगही हसत होते, पण आता त्यांचं हसू इतरांच्या आधी सुरू होऊ लागलं होतं. चिठ्ठी अजून घडीतच असायची आणि त्यांचे ओठ ताणले जायचे, दाराची घंटा वाजण्याआधीच कुणी उठून उभं राहावं तसे. ते बघून तिला वाटलं, आता थांबावं. सहावी उघडूच नये, टोपी उलटी करावी, चहा मागवावा. तिचे हात मात्र शिकवल्यासारखे घडी उलगडत होते. खेळ अर्धवट सोडता येत नाही, हे तीच सगळ्यांना दरवेळी बजावत आली होती.

सहावी चिठ्ठी त्यांची स्वतःची होती. ते गोल, सुटं अक्षर ऑफिसात सगळे ओळखत. ‘चुका सांगताना माझा आवाज चढतो, तो.’

तिनं वाचली. कुणी हसलं नाही. जोडगोळीतल्या एकानं गॉगल काढून टेबलावर ठेवला. आपण सगळे एक माणूसच ठेवून जायला निघालो होतो आणि या माणसानं एकट्यानं प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, असं काहीसं सगळ्यांच्या मनात आलं असावं. पण ते मिनिटभरच. मग वकील म्हणाला, “वा भिंग, म्हणजे पाच मतं झाली की!” आणि पुन्हा सगळे हसले, ज्यांचं हसू अडकलं होतं त्यांचंही सुटलं. तिनं सहाही चिठ्ठ्या एकेक करून कुलूप लावलेल्या घरावर चिकटवल्या. नियमच होता तसा. मग फोन काढला आणि भिंतीचा फोटो घेतला. फोटोत भिंग येऊ नयेत म्हणून ती दोन पावलं डावीकडे सरकली, तर तेच उठून बाजूला झाले, “थांबा, उजेडाच्या आड येतोय मी” म्हणत.

त्या संध्याकाळी बसच्या खिडकीशी बसल्यावर तिला आत्या आठवली. आठवली म्हणजे आठवायचीच होती. दुपारपासून दारात उभी होती, फक्त आत घ्यायची बाकी होती. ती नऊ वर्षांची असताना घरचे सगळे आठ दिवसांसाठी समुद्रावर निघाले होते. वडिलांच्या मित्राची गाडी मिळाली होती. आई, वडील, ती, धाकटा भाऊ आणि वडिलांची मोठी बहीण, लग्न न झालेली, शिवणकाम करणारी, त्यांच्याकडेच राहणारी. आत्यानं स्वतःसाठी एक फ्रॉकसारखा लांब झगा शिवला होता, समुद्रावर घालायला. घरात घालून दाखवला तेव्हा सगळे खो खो हसले होते आणि तीही. निघायच्या आदल्या दिवशी सामान गाडीत बसेना. वडिलांनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “काय गं, काय ठेवून जायचं घरी? तू सांगशील ते.” ती विचार करत बसली. शिलाईचं मशीन तर नेतच नव्हते. आई म्हणाली, “घर सांभाळायला पण कुणीतरी हवंच ना?” आणि नऊ वर्षांची ती, सगळ्यांचे डोळे आपल्यावर आहेत या आनंदात, हसून म्हणाली, “आत्याला!” सगळे हसले. वडिलांनी तिचा गालगुच्चा घेतला. आत्या म्हणाली, “पोरगी हुशार आहे हं,” आणि आत जाऊन आपली पिशवी रिकामी करू लागली. आठ दिवसांनी परत आले तर घरातले सगळे पडदे धुऊन, इस्त्री करून पुन्हा लावलेले होते, आणि तो लांब झगा कापून आत्यानं तिच्यासाठी दोन फ्रॉक शिवले होते. तिनं ते फ्रॉक दोन वर्षं घातले. अंगाला घट्ट व्हायला लागले तरी घातले. एवढंच. आत्या पुढे बावीस वर्षं जगली, त्यांच्याचकडे, आणि त्या सहलीचा शब्द तिनं कधी काढला नाही. पण बाईच्या पोटात तो ‘आत्याला!’ खड्यासारखा पडून राहिला होता, आणि कुणीही कुठंही बॅग भरायला लागलं की हलायचा. मग हा खेळ आपल्याला सुचलाच कसा, असा प्रश्न तिला बसमध्ये पडला. बस सिग्नलला थांबली होती. शेजारच्या बाई कुणाला तरी फोनवर भाजी निवडून ठेवायला सांगत होत्या.

शनिवारी सकाळी तिनं आईला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, गुडघे झाले, भावाच्या बायकोची तक्रार झाली. मग तिनं विचारलं, “आई, त्या समुद्राच्या सहलीला आत्याला मागं ठेवलं ना आपण. ते मी बोलले म्हणून ना?”

“तू?” आई हसली. “तू कुठली! तुझ्या बाबांनी चार दिवस आधीच ठरवलं होतं. गाडीत एवढी माणसं मावणार होती होय? पण बहिणीला तोंडावर सांगायचं कसं, म्हणून तुझ्या तोंडून वदवून घेतलं. लहान पोर बोललं की कुणाला लागत नाही.”

“आत्याला ठाऊक होतं?”

“न ठाऊक असायला काय झालं? ती काय दुधखुळी होती? तिनंच नंतर मला सांगितलं, पोरीला काही कळू देऊ नका म्हणून.” मग आई म्हणाली, “इतक्या वर्षांनी हे काय काढलंस? तब्येत बरी आहे ना?”

फोन ठेवल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तेहतीस वर्षं वाहिलेलं ओझं तिचं नव्हतंच. ती ओट्याशी उभी राहून हलकं वाटायची वाट बघत राहिली. नवरा पेपर घेऊन आत आला, म्हणाला, “दूध उतू जातंय,” आणि गॅस बंद करून गेला. तिला एवढंच उमगलं की नऊ वर्षांच्या पोरीला कुणीतरी वापरलं होतं म्हणून ती सुटली. बेचाळीस वर्षांच्या बाईला सुटायला तेवढी जागा नाही. तिला साहेबांनी वापरलं खरं, पण पेन डाव्या हातात घ्यायची युक्ती साहेबांची नव्हती.

सोमवारी साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. बोटांनी पडदा ताणत ताणत तो एकेका चिठ्ठीपाशी गेला. “चार,” तो म्हणाला. “आणि एक अशी की त्यांनीच कबूल केलंय. बघा, म्हटलं नव्हतं? आपोआप येतं.” त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, एखादा दाखला वेळेवर मिळाल्याचा आनंद असतो, तो होता. मग तो म्हणाला, “तुम्हीच सांगा त्यांना. तुमचं त्यांचं चांगलं आहे.” तिला नाही म्हणायचं होतं. तिनं “आजच सांगू?” असं विचारलं.

भिंग दुपारचा डबा जिन्यात खात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे एक खिडकी होती, तिच्या रुंद कठड्यावर डबा ठेवून उभ्यानं. बसून खाल्लं की झोप येते म्हणायचे. ती गेली तेव्हा त्यांचं खाणं झालं होतं आणि ते डब्याचं झाकण पुसत होते. तिनं घरून वाक्यं तयार करून आणली होती, ती सगळी एकदम विसरली. “तुमच्याशी थोडं बोलायचं होतं,” ती म्हणाली.

“बोला की.” त्यांनी झाकण लावलं. “कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“यायचं नाही, ते.”

तिनं सांगितलं. महिनाअखेर. त्यांनी मान हलवली. खाली रस्त्यावर एक माणूस गाडी मागे घेत होता आणि दुसरा हात हलवून त्याला दिशा देत होता. मग भिंग म्हणाले, “पहिली चिठ्ठी तुमची होती.”

तिनं “छे, काय बोलताय” म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा आवाज चढलेला नव्हता. यादीतली चूक सांगतानाचा तो वर फेकलेला शब्द नव्हता. अगदी सपाट, शेजारच्या घरात कोण राहतं ते सांगावं तसं ते म्हणाले होते. त्यामुळे तिला खोटं बोलणं जमलं नाही.

“कशावरून?” तिनं विचारलं.

“तुम्ही पिवळे कागद वाटलेत. ती एकटी पांढरी होती. म्हणजे आधी लिहून आणलेली.” त्यांनी डबा पिशवीत घातला. “आणि तुम्ही तुमचा पिवळा कागद कोरा तसाच वहीखाली सरकवलात. काळजी करू नका, बाकी कुणाच्या लक्षात आलं नसणार. पोरं बघत नाहीत. तीच तर सगळी अडचण आहे.”

“माझ्यावर...” ती म्हणाली, “माझाही नाइलाज होता. साहेबांनी मला...”

“असणारच. नाइलाज नसता तर असं वाकडंतिकडं, डाव्या हातानं कशाला लिहिलं असतंत?” ते थोडं हसले. मग पायरीकडे जाता जाता थांबले. “एक सांगू? मी आधी दुसरीच चिठ्ठी लिहिली होती. ‘बाई’ असं. कंटाळा आला होता हो मला त्या टोप्यांचा. मग फाडली आणि दुसरा कागद मागून घेतला. म्हटलं, चिठ्ठ्या तुम्हीच वाचणार, स्वतःचं नाव स्वतःच मोठ्यानं वाचायचं म्हणजे वाईट दिसतं.”

तिनं कठड्यावरचा पोळीचा तुकडा बोटानं बाजूला सारला.

“आता वाटतं, टाकायला हवी होती,” ते म्हणाले. “तुम्ही वाचली असतीत का, तेवढं तरी कळलं असतं.”

आणि ते जिना उतरून गेले, एका हातानं कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ती तिथंच उभी राहिली. वाचली नसती. मुठीत दाबून ठेवली असती, आणि तोंडानं काहीतरी दुसरं वाचलं असतं, जुना प्रिंटर किंवा लिफ्टमधली गाणी, आणि सगळे हसले असते. उत्तर इतकं चटकन आलं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

महिनाअखेरीला निरोप समारंभ झाला नाही. त्या दिवशी वकील बाहेरगावी होता आणि जोडगोळीला काम होतं. डिझायनर पोरीनं एक कार्ड केलं होतं, सगळ्यांच्या सह्यांसाठी फिरवलंही, पण ते साहेबांच्या टेबलावर अडकलं आणि भिंग गेल्यानंतर तीन दिवसांनी सही होऊन परत आलं. ते तिच्याच खणात पडून राहिलं. त्याच खणात ती एकोणीस चुकांची यादी होती. भिंगांनी जाताना ती तिच्याकडे दिली होती, “कुणी विचारलं तर,” एवढंच म्हणून.

कुणी विचारलं नाही. काम दवाखान्यांत गेलं. बाई रोज सकाळी सगळ्यांत आधी तक्रारींचं पान उघडायची. यादीतली सातवी चूक, अकरावी, ती सतरावी जिच्याबद्दल भिंग जेवणाच्या सुट्टीतही बोलत. तिला वाटायचं, आज येईल. यावी असंही वाटायचं. कुणाला इजा होऊ नये, पण तक्रार यावी, एखादा डॉक्टर भडकावा, साहेबांनी कपाळाला हात लावावा आणि कुणीतरी म्हणावं की भिंग असते तर. पहिला महिना गेला, दुसरा गेला. दोन किरकोळ तक्रारी आल्या, त्या यादीत नव्हत्याच. दवाखान्यांनी कौतुकाचं पत्र पाठवलं. एकोणीसच्या एकोणीस चुका जिथल्या तिथं होत्या आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिनं यादीचा कागद पुन्हा एकदा वाचला, त्या गोल सुट्या अक्षरांत, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की यातल्या निम्म्या गोष्टींना चूक म्हणणं म्हणजे अतीच होतं. हे वाटल्यावर तिला बरं वाटलं. त्यानंतर ती तक्रारींचं पान उघडेनाशी झाली.

मधे एकदा भिंग तिला दिसले. औषधाच्या दुकानात, पाठमोरे, काउंटरवरच्या पोराला बाटलीवरचं लेबल वाचून दाखवत होते. आवाज चढलेला होता; शेवटचा शब्द वर गेलेला. पोरगा “हो काका, हो काका” म्हणत दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत होता. ती दारातूनच मागे फिरली आणि डोकेदुखीची गोळी न घेता घरी आली. नवऱ्यानं विचारलं, “दुकान बंद होतं का?” ती म्हणाली, “हो.”

सुट्टीचा खेळ साहेबांनी वरच्यांना दाखवला होता. वरच्यांना आवडला. माणसं हसत खेळत मोकळी होतात, असं कुणीतरी मोठ्या बैठकीत म्हणालं, आणि तिला आता सगळ्या विभागांत तो घ्यायला सांगितलं. तिच्या कामाला आता एक नाव मिळालं, दारावर पाटी लागली, दाखवता न येणारं काम दाखवता येऊ लागलं. गवती टोप्यांचे ठोक भाव काढले. पिवळ्या कागदांची गड्डी कपाटात येऊन पडली.

पहिली पाळी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या विभागाची होती. तळमजल्यावरची लांबट खोली, कानाला लावायची यंत्रं गळ्यात तशीच अडकवून आलेली अकरा माणसं, बहुतेक बायका. तिनं भिंतीवर चित्र लावलं, टोप्या वाटल्या, पहिल्या दोन प्रश्नांवर त्यांना पोट धरून हसवलं. तिचा हात आता त्यात बसला होता. मग तिसरा प्रश्न सांगून तिनं पिवळे कागद वाटले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे लिहिणाऱ्यांना मोकळं वाटावं. पाठीमागे पेनांचा आवाज सुरू झाला. कुणीतरी खुदकलं. कुणीतरी कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगितलं, आणि तिसरी कुणी “गप गं” म्हणाली. मग एक पंचविशीतली मुलगी, टोपीची कड वर करून, अगदी निरागस तोंडानं म्हणाली, “बाई, वस्तूच लिहायची का? माणसाचं नाव लिहिलं तर चालेल?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. टेबलाच्या टोकाची एक जाडसर बाई मात्र टोपीशी चाळा करायची थांबली होती आणि टेबलाकडे बघत होती.

“चालेल की,” बाई म्हणाली, आणि हसली. “खेळ आहे, खेळासारखं घ्या.”